कोणालाही परत पाठवू नये

अनंत पांढरीपांडेचे वडील नागपुरात सरकारी कचेरीत खिडकीवर बसत. कोणत्या कचेरीत ते सांगून फरक पडत नाही. खिडकी म्हटली की इकडून तिकडून सारखीच. पण त्यांच्या खिडकीचं नाव होतं. उमरेड, काटोल, सावनेर, कुठून कुठून एस.टी. बदलून आलेला माणूस घामेजल्या हाताने कागद पुढे करायचा आणि त्यात एखादा दाखला हमखास कमी असायचा. शेजारच्या खिडकीवरचा बाबू तेवढ्यावर सगळे कागद मागे सरकवायचा. अनंतचे वडील अर्ज ठेवून घेत, समासात लाल शाईने 'दाखला नंतर जोडावा' असं लिहीत आणि पोच देऊन माणसाला मोकळं करत. "एक कागद नाही म्हणून कोणालाही परत पाठवू नये. त्याचा अख्खा दिवस जातो," हे ते जेवताना इतक्यांदा म्हणत की अनंतची आई सुमतीबाई पुढची पोळी वाढताना ते वाक्य ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हणून घेई. समासातले ते लाल शेरे पुढे कोणी वाचत होतं का, हा प्रश्न मात्र त्या घरात कधी निघाला नाही.

वडील जाऊन अकरा वर्षं झाली. अनंत आता एक्कावन्नचा. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. दिवसा परसोडीच्या आयटी पार्कात एका कंपनीत नोकरी, आणि पहाटे पाच ते साडेसात प्रताप नगरातल्या घराच्या वरच्या खोलीत त्याचं खरं काम. या कामाचा पगार कोणी देत नव्हतं. त्याने 'ओसरी' नावाचा एक सांगाडा बनवला होता. ज्याला वेबसाइट उभी करायची आहे त्याने पाया खणण्यापासून सुरुवात करू नये, तयार सांगाडा उचलावा आणि वर आपलं घर बांधावं, अशी ती सोय. त्या धंद्यात याला वेब फ्रेमवर्क म्हणतात. अनंत तो चौदा वर्षं फुकट वाटत होता आणि कोणाला अडचण आली तर पहाटे उठून फुकटच निस्तरत होता. फिनलंडातली एक शाळा, ब्राझीलमधला पोपट पाळणाऱ्यांचा संघ, कुठकुठले लोक ओसरी वापरत. सुमतीबाई शेजारणींना सांगत, "आमचा अनंत भल्या पहाटे उठून जगाच्या ओसऱ्या झाडतो. स्वतःच्या खोलीत मात्र पाय ठेवायला जागा नाही."

वेबसाइटला दार असलं की दाराशी कोणीतरी उभं लागतं. आलेला माणूस कोण, त्याचा पासवर्ड बरोबर आहे का, त्याला आत कुठवर जाऊ द्यायचं, हे पाहणारा कोडचा एक वेगळा गठ्ठा होता. तो अनंतच्या कॉलेजातल्या मित्राने, आता पुण्यात असलेल्या उन्मेषने, लिहिला होता आणि त्याचं नाव 'अडसर' ठेवलं होतं. ओसरी घेतली की अडसर आपोआप सोबत यायचा, तुम्ही मागा किंवा मागू नका.

ओसरीवर उभ्या असलेल्या शेकडो वेबसाइटींपैकी एक अनंतच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होती. ती शोभाताईंची. शोभाताई निवृत्त परिचारिका. तीस वर्षं वॉर्डात काढल्यावर माणूस घरी बसून पाय चेपत राहील, पण या बाईंनी सिकलसेलचं काम अंगावर घेतलं. विदर्भाबाहेर हे नाव घेतलं तर समजावून सांगावं लागतं. इथे गावोगाव एखादं तरी घर असतं जिथे पोर अचानक सांधे धरून ओरडू लागतं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि वाहता वाहता अडकतात. गंमत, म्हणजे वाईट गंमत, अशी की काहींच्या अंगात हा दोष नुसता वस्तीला असतो. त्यांना आयुष्यभर काही होत नाही. पण नवरा आणि बायको दोघंही असे वाहक निघाले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा आजार व्हायची चारात एक शक्यता. म्हणून तपासणी करून घ्यावी, एवढंच शोभाताईंचं म्हणणं. आणि तपासणी कोणी करत नव्हतं, कारण नाव बाहेर आलं की पोरीचं लग्न अडतं.

त्यासाठी ती यादी होती. सावनेरजवळच्या खाप्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या चारशे बारा माणसांची नावं, वयं, फोन आणि रक्ताचा अहवाल. अनंतने ती वेबसाइट सहा वर्षांपूर्वी बांधून दिली होती. यादी फक्त दोघींना उघडता यायची, शोभाताईंना आणि भूमिकाला, आणि देखभालीपुरती अनंतला.

भूमिका खाप्याची. पंचवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली, घरातली धाकटी मुलगी. आठवडाभर सावनेरच्या एका प्रयोगशाळेत काम करायची आणि रविवारी स्कूटीवर घरोघर फिरायची. लोक शोभाताईंना मान देत, चहा पाजत आणि रक्त द्यायचं म्हटलं की उठून जात. भूमिकाला मात्र देत. तिची रीत साधी होती. ती ओट्यावर बसायची आणि आधी स्वतःचं सांगायची. "मी बी वाहक हाये. यादीत पहिलं नाव मायंच हाये. मले काय झालं? मस्त हाये ना मी." मग समोरची बाई विचारायची, नाव कुठे जाते वं? आणि भूमिका सांगायची, "कुठीसा जात नाही. कुलपात हाये. कोनाले दिसनार नाही."

हे ती कोणाच्या भरवशावर सांगत होती, ते अनंतला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी ती शोभाताईंबरोबर प्रताप नगरात आली होती. निघताना चपला घालता घालता थांबली. "काका, खरंच कोनाले दिसनार नाही ना? मी लोकाईले सांगून राहिली म्हनून इचारते."

"नाही दिसणार," अनंत म्हणाला. अगदी सहज म्हणाला, हातातला कप खाली ठेवता ठेवता.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी जानेवारीत अनंतने अडसर ओसरीपासून सोडवायचं ठरवलं. कारण तसं योग्यच होतं. अडसर बसवायला संगणकावर आधी आणखी दोन गोष्टी बसवाव्या लागत. जुन्या, छोट्या यंत्रांवर त्या बसता बसत नसत, आणि अडसर अडला की अख्खी ओसरीच अडायची. ज्यांच्या साइटीला दारच नाही, त्यांनी हा दारवान कशाला पोसायचा? तक्रारींचा ढीग साचला होता. शेवटी फिलिपिन्समधल्या एका मास्तरांचं पत्र आलं. माझ्या शाळेचं नुसतं वेळापत्रक आहे, लॉगिन नाही काही नाही, तीन दिवस झटतो आहे, आता नाद सोडून परत जातो. अनंतने ते पत्र दोनदा वाचलं. परत जातो, हे शब्द त्याला वडिलांच्या खिडकीवरून आल्यासारखे वाटले.

तेव्हा ठरलं. यापुढे ओसरी एकटी येईल. ज्याला अडसर हवा त्याने आपल्या साइटीच्या सामानाच्या यादीत तसं एका शब्दात लिहावं, म्हणजे तोही येईल. इथवर उन्मेषही खूश होता. भांडण पुढच्या एका ओळीवरून झालं. समजा एखाद्या साइटीत लिहिलं आहे की हे पान लॉगिन केल्याशिवाय दाखवू नये, आणि अडसर तर जागेवर नाही. मग ओसरीने काय करायचं?

उन्मेषने पुण्याहून लिहिलं, "बंद पडायचं. दारवान नाही, तर दार बंद."

अनंतला ते पटेना. अपडेट घेतला आणि चालती साइट बंद पडली, असं चौदा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं आणि त्याला त्याचा अभिमान होता. त्याने लिहिलं, "एक शब्द लिहायचा राहिला म्हणून कोणाची साइट बंद पाडायची? नको. चालू ठेवू, आणि लॉगमध्ये इशारा लिहू. लोक वाचतील आणि दुरुस्त करतील." लॉग म्हणजे यंत्र आपल्याशीच लिहीत बसतं ती रोजनिशी.

"लॉग कोण वाचतं?" उन्मेषने विचारलं. दोन दिवस उत्तर नाही म्हटल्यावर त्याने आणखी एक ओळ टाकली: "तुझी ओसरी आहे. तू ठरव." अनंतने ठरवलं.

त्याने तपासूनही पाहिलं. तो न तपासता काही सोडणाऱ्यांतला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. आपल्या संगणकावर नवी ओसरी चढवली, दार असलेली एक साइट उघडली, तिने नेहमीसारखा पासवर्ड मागितला. सगळं ठाकठीक. ठाकठीक असणारच होतं, कारण त्याच्या संगणकावर अडसर वर्षानुवर्षं बसलेलाच होता. नवी ओसरी एकटी आली तरी तिला तो तिथे आयता मिळाला. कोऱ्या यंत्रावर काय होतं, ते त्याने पाहिलं नाही.

मंगळवारी पहाटे नवी आवृत्ती निघाली. सोबत स्वच्छ, मुद्देसूद सूचना: ज्यांना लॉगिन लागतं त्यांनी सामानाच्या यादीत अडसर लिहावा. फिलिपिन्सच्या मास्तरांनी वेळापत्रकाचा फोटो पाठवला. अनंतने तो खाली जाऊन आईला दाखवला आणि सुमतीबाईंनी सोमवारी पहिल्या तासाला गणित आहे हे पाहून पसंती दिली.

जगभरच्या लोकांनी ती सूचना वाचली आणि बहुतेकांनी तो एक शब्द लिहिलाही. राहिली ती शोभाताईंची साइट. तिची सगळी देखभाल अनंतकडेच होती, आणि स्वतःच लिहिलेली सूचना कोण वाचतं? शोभाताईंना कटकट नको म्हणून त्याने अशी व्यवस्था केली होती की दर सोमवारी साइट ज्यावर चालते ते यंत्र जुना सगळा कोड पुसून नवी ओसरी आपली आपण घेईल. त्या यंत्राच्या सामानाच्या यादीत सहा वर्षांपासून एकच शब्द होता, ओसरी. सोमवारी ती आली. एकटी आली.

भूमिकाच्या फोनवर यादी नेहमी उघडीच असायची, तिला फरक कळला नाही. शोभाताईंना कळला. त्यांनी यादी उघडली तर पासवर्ड न मागताच समोर आली. त्यांना वाटलं, आपल्याला तो लांबलचक पासवर्ड लक्षात राहत नाही म्हणून अनंताने कटकट काढून टाकली. बरं केलं पोराने, म्हणून त्यांनी मनातल्या मनात त्याला दुवा दिला. या दुव्याची आठवण पुढे त्या दोघांनाही पुरून उरली.

एकोणीस दिवस यादी सताड उघडी होती. शोधयंत्रं येऊन ती वाचून गेली. लॉगमध्ये इशारे पडत राहिले, हजारोंनी.

भूमिकाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा दुर्गेश, घरचा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापार. पहिल्याच भेटीत भूमिकाने त्याला आपण वाहक असल्याचं सांगितलं होतं आणि त्याने गुपचूप स्वतःचं रक्त तपासून घेतलं होतं. त्याच्यात काही नव्हतं, म्हणजे मुलांना आजाराची भीती नव्हती. दोघांचं ठरलं होतं. मग दुर्गेशच्या मामांनी, आजकाल सगळेच करतात तसं, मुलीचं नाव आणि गाव फोनवर शोधून पाहिलं. पहिल्याच ओळीला ते सापडलं. खाली आणखी चारशे अकरा नावं होती. मामांनी पानाचे फोटो काढून बहिणीला पाठवले, बहिणीने जावेला, आणि संध्याकाळपर्यंत ते खाप्याच्या गटांवर पोचले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अनंत ऑफिसात असताना शोभाताईंचा फोन आला. "अनंता, खाप्याची यादी लोकांच्या फोनवर फिरून राहिली. काहून गा? तू ते पासवर्डचं काढलं होतं ना मुद्दाम?"

अनंतने आपल्या फोनवर पान उघडलं. पासवर्ड न मागताच ते उघडलं. वरच्या ओळीत भूमिकाचं नाव, वय, फोन, अहवाल. यादी बंद करायला त्याला चार मिनिटं लागली आणि त्या चार मिनिटांत त्याला सगळं कळलं. कोणती ओळ, कोणत्या मंगळवारी, कोणी लिहिली. मग तो ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसला. तो रडला, आणि ज्यांचं काही गेलं त्यांच्याआधी आपण रडतो आहोत, याची त्याला लाज वाटली.

त्याने घडलेलं कळवल्यावर त्या दिवशी दुपारीच उन्मेषकडून ओसरीची दुरुस्ती आली. अडसर नसेल तर दार बंद, साइट बंद. खाली एक शब्द जास्तीचा लिहिलेला नव्हता. मी सांगितलं होतं, असंही नाही. अनंतला वाटलं, त्याने तसं लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी अनंत शोभाताईंना घेऊन खाप्याला गेला. भूमिका बसस्टँडवर वाट पाहत उभी होती. तिने दोघांना नमस्कार केला आणि पुढे चालू लागली. नेहमी ज्या ओट्यांवर ती बसायची त्यांतल्या तीन ओट्यांवरची माणसं तिला पाहून आत गेली. चौथं घर नत्थूजींचं होतं. पुढे किराणा दुकान, मागे घर. त्यांचा मुलगा वाहक होता, यादीत होता. सून सोनिका तीन महिन्यांची गरोदर होती आणि तिचं रक्त याच रविवारी घ्यायचं ठरलं होतं. त्या दिवशी सगळ्यांत महत्त्वाचं काही असेल तर ते एवढंच होतं. सोनिकाच्या रक्तात दोष नसेल तर काळजी मिटली. असेल, तर बाळाची तपासणी जन्मताच करता येते आणि पहिल्या महिन्यांपासून औषध, लस, काळजी सगळं सुरू करता येतं.

नत्थूजींनी तराजू बाजूला सरकवला. "तुमीच का ते संगणकवाले?"

"हो," अनंत म्हणाला. "चूक माझी आहे. भूमिकाची नाही, शोभाताईंची नाही. मी माफी मागायला आलो."

"चूक कोनाची ते मले नाही पाहाचं. माया पोराचं नाव काढून टाका."

"काढतो. आजच काढतो."

आतल्या दारात सोनिका पाण्याचे पेले घेऊन उभी होती. भूमिका तिच्याकडे पाहून म्हणाली, "काकाजी, वहिनीचं तेवढं रक्त घेऊ द्या. यादीत नाही घालत. कागदावर बी नाही लिहत. तुमाले तोंडानं सांगते, बस."

नत्थूजींचा आवाज चढला नाही. चढला असता तर ऐकणं सोपं गेलं असतं. "मागच्या वक्ती बी तू हेच म्हनत होती वं पोरी. कोनाले दिसनार नाही. आता आमच्या घरी कोनी सुई टोचून घेनार नाही."

अनंतला काय सुचलं कोण जाणे. त्याने बाही वर केली. "माझं रक्त घ्या. आत्ता, सगळ्यांसमोर. अहवाल माझ्या नावानिशी इथे दुकानावर लावा. मी भूमिकाबरोबर घरोघर येतो."

नत्थूजींनी त्याच्या गोऱ्या, मऊ हाताकडे पाहिलं. "तुमचं नाव लावून तुमचं काय बिघडते जी? तुमच्या घरी कोनी पोरगी पाहाले येनार हाये का?"

अनंतने बाही खाली घेतली. सोनिकाने आणलेलं पाणी तिघं उभ्याउभ्याच प्यायले. सोनिका भूमिकाकडे पाहत होती, तिला काही बोलायचं होतं असं वाटलं, पण पेले घेऊन ती आत गेली.

परतीच्या बसला वेळ होता. शोभाताई सावलीला बाकावर बसल्या. कन्हान नदीकडून गरम वारा येत होता. भूमिका आणि अनंत बाजूला उभे होते. ती म्हणाली, "दुर्गेशचा फोन आल्ता. त्याचं काही नाही, घरचे नाही म्हनते. दोष हाये म्हनून नाही, जगाले माहीत झालं म्हनून. जाऊ द्या ते."

"भूमिका..."

"काका, त्या वक्ती मी तुमाले इचारलं होतं, दिसनार नाही ना. तुमी नाही म्हटलं. तेव्हा खरंच बोलत होते ना तुमी?"

"खरंच बोलत होतो गं."

"मंग मी बी खरंच बोलली. पन खोटी मी झाली. तुमाले इथं कोन ओळखते?"

अनंतला काहीतरी सांगायचं होतं. त्याने वडिलांच्या खिडकीचं सांगितलं. लाल शेरा, अख्खा दिवस जातो, कोणालाही परत पाठवू नये. हे सांगताना आपण सबब सांगतो आहोत हे त्याला कळत होतं, तरी तो बोलत राहिला. भूमिकाने सगळं ऐकून घेतलं.

"दुर्गेशच्या मामाले परत पाठवाले पाह्यजे होतं जी," ती म्हणाली. मग बस आली.

पुढचे दोन महिने अनंत पहाटे उठून नावं काढत होता. भूमिका रोज संध्याकाळी ज्यांना नाव नको होतं त्यांची नावं पाठवायची. कधी पाच, कधी चाळीस. सगळी एकदम पुसता आली असती, एका ओळीचं काम होतं. त्याने तसं केलं नाही. एकेक नाव वाचायचा, वय वाचायचा, आणि काढायचा. तेरा वर्षांची प्रेमलता. सत्तर वर्षांचे धोंडबा, ज्यांनी नातवंडांसाठी रक्त दिलं होतं. खाली सुमतीबाई चहा करून हाका मारायच्या आणि चहा गार व्हायचा. आईला त्याने सगळं सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बाबांनी ठेवून घेतलेल्या अर्जांचं पुढे काय व्हायचं रे? मी कधी विचारलंच नाही." त्यालाही माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी चारशे अकरा नावं निघाली. उरलं एक. अनंतने भूमिकाला फोन केला. "तुझंही काढू ना?"

"मायं राहू द्या," ती म्हणाली. "यादी बंद पडली, असं कोनी म्हनू नये."

वर्ष गेलं. ओसरी चालू होती. लोक धन्यवाद देत, तक्रारी करत. अनंत उत्तरं देई, पण पूर्वीसारखं थट्टेने लिहिणं त्याला जमेना. शोभाताईंनी फिरणं थांबवलं. गुडघे, असं त्या सांगत. भूमिका एकटी रविवारी निघायची आणि बहुतेक दारांवरून परत यायची. लग्नाचं पुन्हा कोणी काढलं नाही.

यंदा होळी होऊन महिना झाला होता. सकाळी सातला भूमिकाचा फोन आला. इतक्या सकाळी ती कधी फोन करत नसे.

"काका, बसले हाये का यादीपाशी?"

"आहे. बोल."

"एक नाव लिवाचं हाये. सोनिकावहिनीचं बाळ. आठ महिन्याचं हाये. हात-पाय सुजले होते, चार दिवस रडून राहिलं होतं, कोनाले काही कळे ना. नागपूरले नेलं मंग. रिपोर्ट आला. आजारच हाये जी, वाहक नाही. सोनिकावहिनी बी वाहक निघाली, आता."

अनंतने कीबोर्ड पुढे ओढला.

"नत्थूकाका काल सोताहून आले आमच्या घरी," भूमिका म्हणाली. "म्हने, पोराचं नाव घाल यादीत. आता कोनापासून काय लपवाचं? जन्मापासूनच औषध चालू झालं असतं तं इतका तरास झाला नसता, डॉक्टर म्हने. मले काही बोलले नाही काका. रडले फक्त. लिवून घेता ना?"

"घेतो. नाव सांग."

"अर्णव."

अनंतने यादी उघडली. अडसरने पासवर्ड मागितला, त्याने दिला. भूमिकाच्या नावाखाली सांगितलेलं सगळं लिहिलं: अर्णव, खापा, वय आठ महिने. मग अहवालाच्या रकान्यात रोगाचं नाव लिहिलं. लिहून झालं म्हटल्यावर तिने फोन ठेवला.

मग त्याने आपला दुसरा फोन घेतला, ज्यावर कधीच लॉगिन केलेलं नव्हतं. त्यावर त्याने यादीचा पत्ता टाकला, परका कोणी टाकेल तसा. पानाने त्याला ओळखलं नाही. आत येता येणार नाही, परत जा, असं लिहून आलं. त्याने पुन्हा पत्ता टाकला. पुन्हा तेच आलं.

तेव्हापासून तो रोज पहाटे उठल्याबरोबर आधी हेच करतो. चहा नंतर, जगाच्या ओसऱ्या नंतर. आत आता दोन नावं आहेत, आणि बाहेर उभा राहून तो स्वतःला परत पाठवून घेतो.